वायकिकीच्या अंगणातली स्टील गिटार

बग्स बनीची जुनी कार्टून ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना सुरुवातीला पडद्यावर रंगीत वर्तुळं उमटत असताना एका झेपेत वर चढणारा तो सूर नक्की आठवत असेल. तो सूर स्टील गिटारचा. वाजवणारे फ्रेडी टावारेस हवाईतल्या माउई बेटावर जन्मले. पुढे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये त्यांनी नाव कमावलं आणि 1953 मध्ये लिओ फेंडर यांच्या कारखान्यात रुजू होऊन स्ट्रॅटोकास्टर या गिटारच्या घडणीत ते सहभागी झाले. कार्टून पाहणाऱ्या कोट्यवधी मुलांच्या कानांवर हवाईचा सूर पडला, पण तो कुठला हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

हवाईला सुट्टीवर जाणाऱ्याला मात्र वाटतं, विमानातून उतरलं की हाच सूर जागोजागी ऐकू येईल. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना होनोलुलू साधारण पाच-साडेपाच तासांच्या विमानप्रवासावर आहे, त्यामुळे शाळांच्या सुट्ट्यांत अनेक जण तिकडे जातात. समुद्र पाहून होतो, ज्वालामुखी पाहून होतो, पर्ल हार्बर होतं. स्टील गिटार मात्र ऐकायची राहून जाते. दुकानांत उकुलेले या छोट्या चारतारी गिटारी टांगलेल्या असतात. ‘लुआऊ’ नावाच्या जेवणाच्या मोठ्या कार्यक्रमांत ताहिती आणि सामोआचे ढोल आणि आगीचे खेळ असतात. अनेक हॉटेलांत पोहण्याच्या तलावाजवळ एखादा तरुण साध्या गिटारवर गाजलेली पॉप गाणी म्हणत बसलेला असतो. स्टील गिटारही तिथेच असते, आजही वाजते, पुष्कळदा वेगळं तिकीटही लागत नाही. फक्त ती कुठल्या अंगणात वाजते हे माहीत असावं लागतं.

उकुलेलेचा थोडा हेवा वाटावा अशी परिस्थिती आहे. 2015 मध्ये हवाई राज्याने उकुलेलेला राज्याचं अधिकृत आधुनिक वाद्य म्हणून मान दिला, आणि ‘पाहू’ नावाच्या प्राचीन ढोलाला पारंपरिक वाद्य म्हणून. उकुलेले लाडकं आहे, त्याचा मान त्याला मिळायलाच हवा. पण त्याचे पूर्वज 1879 मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून आलेल्या मडेराच्या पोर्तुगीज मजुरांबरोबर बेटांवर उतरले. स्टील गिटार ही वादनाची पद्धत मात्र बेटांवरच रुजली आणि तिथून जगात गेली. यादीत तिचं नाव नसणं खटकतं.

ही पद्धत आहे तरी काय? गिटार छातीशी न धरता मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवतात. डाव्या हाताची बोटं तारा दाबत नाहीत. त्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी असते आणि ती तारांवरून सरकते. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या असतात. तारा मानेपासून उंच उचललेल्या असल्याने कांडी पडद्यांना टेकतच नाही. पडदे उरतात ते केवळ नजरेच्या खुणेपुरते, आणि स्वर नेमका कुठे लागला हे कानानेच ठरवायचं. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. मींडेवर वाढलेल्या मराठी कानाला यात परकं काही वाटणार नाही. हवाईचा वादक मात्र हे एकाच तारेवर करून थांबत नाही. कांडी आडवी धरून तो दोन-तीन स्वर एकदम सरकवतो, मध्येच ती तिरकी करून त्यांतली अंतरं बदलतो, तळहाताची कड तारेला हलकेच लावून घंटेसारखे स्वर काढतो आणि लांबलेल्या स्वरावर कांडी थरथरवतो. हा कंप किती हवा, यावरून जाणकार डोळे मिटूनही वादक ओळखतात.

ही कल्पना हवाईतच का सुचावी, याला कारण आहे. 1830 च्या दशकात गुरं सांभाळण्यासाठी मेक्सिकोतून आणलेल्या गुराख्यांबरोबर गिटार बेटांवर आली. हवाईच्या लोकांनी तिच्या काही तारा सैल केल्या आणि मोकळ्या तारा छेडल्या तरी एक अख्खा सुसंवादी स्वरसमूह वाजेल अशी जुळणी केली. यातूनच ‘स्लॅक-की’ ही त्यांची स्वतंत्र वादनशैली घडली. आता अशा जुळवलेल्या गिटारवर कुठल्याही ठिकाणी एक सरळ दांडी आडवी ठेवली तर तोच स्वरसमूह वरच्या पट्टीत वाजतो. अर्धी वाट आधीच तयार होती. कुणीतरी कांडी उचलायची बाकी होती.

ती उचलल्याचं श्रेय जोसेफ केकुकू यांना मिळालं आहे. 1874 मध्ये ओआहू बेटाच्या उत्तर टोकाजवळच्या लाइए गावात त्यांचा जन्म झाला. रेल्वेरुळांवरून चालताना त्यांनी एक बोल्ट उचलला आणि तो हातातल्या गिटारच्या तारांना लागला, ही त्यांच्याविषयी सांगितली जाणारी लाडकी गोष्ट. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, त्यांचं मोठेपण तिच्यावर अवलंबून नाही. होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकत असताना त्यांनी कार्यशाळेत खास कांडी घडवली, आतड्याच्या तारांऐवजी धातूच्या तारा लावल्या, त्या उंच उचलल्या आणि वादनाची पद्धत बसवून ती इतरांना शिकवली. चुकून निघालेला आवाज कोणालाही सापडू शकतो. त्यातून वाद्य उभं करायला अशी वर्षांची मेहनत लागते.

याच कथेत एक भारतीय माणूसही डोकावतो. हवाईचे विख्यात गीतकार चार्ल्स ई. किंग यांनी सांगितलेली आठवण आहे. 1884 च्या सुमारास माउईवरच्या वाइहेए गावात होनोलुलूहून काही वादक आले, त्यांत गेब्रिएल डेव्हियन नावाचा तरुण होता. तो भारतात जन्मलेला, एका जहाजाच्या कप्तानाने पळवून नेलेला आणि फिरत फिरत होनोलुलूला पोचलेला. गिटार वाजवण्याची त्याची रीत नवीच होती आणि ती पाहायला लोक गोळा होत. विचित्र वीणा आणि गोट्टुवाद्यम् या आपल्या वाद्यांवर तारांवरून गोटा किंवा लाकडी ठोकळा सरकवून वाजवतात, म्हणून डेव्हियनने ही युक्ती भारतातूनच नेली असं म्हणण्याचा मोह होतो. तेवढा पुरावा नाही. एका माणसाच्या आठवणीवर एवढी इमारत उभी करू नये. पण या वाद्याच्या उगमाच्या आसपास भारतात जन्मलेला एक वादक वावरत होता, एवढं म्हणायला आधार आहे, आणि तेही कमी नाही.

1904 मध्ये केकुकू अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेले. 1912 मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या ‘द बर्ड ऑफ पॅरडाइज’ या नाटकाने हवाईचे वादक रंगभूमीवर आणले, 1915 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात लाखो लोकांनी ते ऐकले आणि अमेरिकेला या सुराचं वेड लागलं. तबकड्या खपल्या, घरोघरी शिकवण्या सुरू झाल्या. होनोलुलूचे सोल होओपीई कॅलिफोर्नियात जाऊन जॅझच्या चालीत वाजवू लागले. 1929 मध्ये जिमी रॉजर्स या कंट्री गायकाने हवाईच्या जो काइपोला साथीला घेऊन गाणी ध्वनिमुद्रित केली. कंट्री संगीतातली पुढची सगळी स्टील गिटार या ओढ्यातून आली.

त्या काळी एक अडचण होती. मोठ्या वाद्यवृंदात गिटार ऐकूच येत नसे. तिच्यावरचा उपाय स्टील गिटारसाठी शोधला गेला आणि त्यातून साऱ्या जगाचं संगीत बदललं. जॉर्ज बोशँप आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी 1931 मध्ये तारांखाली चुंबक बसवून कंपनांचं विजेत रूपांतर करणारी गिटार तयार केली आणि 1932 मध्ये ती बाजारात आली. ॲल्युमिनियमची, वाटोळ्या पोटाची आणि लांब मानेची म्हणून तिला तळणीचा तवा म्हणू लागले. मांडीवर आडवी ठेवून कांडीने वाजवायची ती हवाईयन गिटार होती. यशस्वीपणे विकली गेलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार तीच. रॉक संगीताचे पूर्वज शोधत गेलं तर वाट होनोलुलूला जाते.

केकुकू 1919 पासून आठ वर्षं युरोपभर वाजवत फिरले आणि 1932 मध्ये न्यू जर्सीत वारले. घरी परतले नाहीत. त्यांच्याच लाइएत वाढलेल्या, सामोआत जन्मलेल्या ताऊ मोए यांची भटकंती तर अर्ध्या शतकाची. 1920 च्या दशकाअखेरीस पत्नी रोझबरोबर ते एका फिरत्या मंडळीतून निघाले आणि आशिया, युरोप, मध्यपूर्व फिरत राहिले. मुलं प्रवासात मोठी झाली आणि मंचावर उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कुटुंबाचा मुक्काम कोलकात्यात होता. तिथल्या हॉटेलांत ते वाजवत, शिकवत. कोलकात्यात गार्नी निस यांच्या ‘अलोहा बॉइज’सारखे स्थानिक वाद्यवृंद याच वातावरणात बहरले आणि बंगालने ही गिटार इतकी आपलीशी केली की रवींद्रसंगीताच्या सुरावटी तिच्यावर वाजू लागल्या.

तिथून तिचा हात आपल्यापर्यंत पोचतो. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ली आणि हजारासिंग यांनी हवाईयन गिटार वाजवली. शिप्ली आणि कोलकात्याचे सुनील गांगुली यांच्या चित्रपटगीतांच्या तबकड्या महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत होत्या. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे तालीम घेऊन याच गिटारवर राग मांडला, आणि 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर तिला मानाची जागा मिळाली. ही ध्वनिमुद्रिका ऐकत ज्यांचं तारुण्य गेलं, त्यांना होनोलुलूच्या वायकिकी किनाऱ्यावर स्टील गिटार ऐकताना परक्या संगीतासमोर बसल्यासारखं वाटायचं कारण नाही.

आता वायकिकीकडे. जायचं ते हालेकुलानी हॉटेलच्या ‘हाऊस विदाउट अ की’ या समुद्रालगतच्या उघड्या उपाहारगृहात. अर्ल डेर बिगर्स यांच्या 1925 सालच्या रहस्यकादंबरीचं नाव या जागेला दिलं आहे. चार्ली चॅन हा गुप्तहेर पहिल्यांदा याच कादंबरीत अवतरला. मंचाजवळ किआवेचं शंभरीपार झाड आहे. 2016 मध्ये ते कोसळलं आणि पुन्हा फुटलं. किआवे म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची जवळची नातेवाईक, पण इथे तिच्या सावलीला दरबाराचा थाट आहे. संध्याकाळी तीन वादक येतात. सहसा एकाकडे साधी गिटार किंवा उकुलेले, दुसऱ्याकडे बास आणि तिसऱ्याच्या पुढ्यात स्टील. तिघेही गातात. कलावंत वारागणिक बदलतात. वेगळं तिकीट नाही, पण काही तरी मागवावं लागतं आणि ते स्वस्त नाही. सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी पोचलं तर मंचाजवळचं टेबल मिळतं. दूर बसणाऱ्याला समुद्र दिसतो, वादकाचे हात दिसत नाहीत. हात पाहणं हे इथे यायचं निम्मं कारण आहे.

थोड्या वेळाने हुला करणारी नर्तिका येते. कानोए मिलर या 1973 च्या मिस हवाईने अनेक वर्षं इथे नृत्य केलं. हुलात नर्तिकेचे हात गाण्याचा अर्थ सांगतात: पाऊस, फूल, डोंगरकडा, प्रिय माणसाची वाट. गायक एक ओळ म्हणून थांबतो, आणि त्या थांब्यात स्टील गिटार बोलते. ओळीच्या शेवटचा स्वर ती उचलते, थोडा पुढे नेते आणि पुढच्या ओळीच्या दाराशी सोडते. हवाईतले पुरुष गायक छातीच्या आवाजातून एकदम वरच्या बारीक आवाजात जातात आणि तो सांधा लपवत नाहीत, उलट ठसठशीत दाखवतात. स्टीलही तसंच करते. म्हणून ही गिटार एकटी, ध्वनिमुद्रणात ऐकणं आणि गाणं-नाच-गिटार असं तिन्ही एकत्र पाहणं यांत फार अंतर आहे. नर्तिकेने हात लांबवला की वादक स्वर लांबवतो, तिने मान वळवली की तो सूर खाली आणतो. ठरवून केलेलं यात थोडं असतं. बरंचसं तिथल्या तिथे घडतं, आणि म्हणूनच प्रत्यक्ष ऐकण्याचा एवढा आग्रह.

हे सगळं हॉटेलात चालतं म्हणून नाक मुरडणारे भेटतात. ‘पर्यटकांसाठीचं संगीत’ असं म्हणून ते बाजूला सारतात आणि खरी हवाई शोधायला आतल्या गावांत जातात. गावांत जरूर जावं. पण स्टील गिटारच्या बाबतीत ही फोड चालत नाही. हे वाद्य पहिल्यापासून पाहुण्यांपुढे, मंचावर, बोटींवर, तंबूत आणि हॉटेलांच्या अंगणात वाढलं. तिथेच वादकांचं पोट भरलं आणि तिथेच उत्तमोत्तम वादक घडले.

मोआना हॉटेलचं अंगण याचा सगळ्यात मोठा दाखला. हॉटेल 1901 मध्ये उघडलं. अंगणातला वड 1904 मध्ये लावलेला, आणि तो आपलाच भारतीय वड आहे, पारंब्यांसकट. या वडाखालून 3 जुलै 1935 ला वेब्ली एडवर्ड्स यांनी ‘हवाई कॉल्स’ हा रेडिओ कार्यक्रम सुरू केला आणि तो 1975 पर्यंत चालला. भरभराटीच्या काळात जगभरातली 700हून अधिक केंद्रं तो लावत असत. किनाऱ्यावर मायक्रोफोन नेऊन लाटांचा आवाज ऐकवत, हवेचं आणि समुद्राच्या पाण्याचं तापमान सांगत. बर्फात अडकलेल्या अमेरिकी शहरांतल्या श्रोत्यांना ते ऐकून काय वाटत असेल! डेव्हिड केलीई, जूल्स आह सी, बार्नी आयझॅक्स असे स्टीलवादक या कार्यक्रमातून घराघरांत पोचले. या वडाखालच्या चौकात आजही बसता येतं, आणि जिथून हे सूर निघाले ती जागा पाहण्यासाठी तरी तिथे जायला हवं.

उतरती कळा 1960 च्या दशकात लागली. 1959 मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, जेट विमानांनी पर्यटकांचे लोंढे आणले आणि हॉटेलांच्या मंचांवर नव्या धाटणीचे कार्यक्रम आले. 1970 च्या दशकात हवाईच्या तरुणांनी स्वतःची भाषा, हुला आणि जुनी गाणी यांच्याकडे मोठ्या अभिमानाने पाहायला सुरुवात केली. त्या जागृतीत स्लॅक-की पुढे आली. स्टील गिटारवर मात्र पोस्टकार्डातल्या हवाईचा शिक्का बसलेला होता. ‘सन्स ऑफ हवाई’ या वाद्यवृंदात डेव्हिड ‘फीट’ रॉजर्स जुन्या वळणाने सुरेल वाजवत होते, गॅबी पाहिनुई यांच्यासारखा स्लॅक-कीचा महारथी स्वतः उत्तम स्टीलवादक होता, तरी नवी मुलं या वाद्याकडे फारशी वळत नव्हती.

त्या वेळी मदतीला आला तो ओहायोचा एक माणूस. जेरी बर्ड यांचा जन्म 1920 चा, लाइमा गावचा. मुलगा असताना गावात आलेल्या तंबूतल्या कार्यक्रमात त्यांनी हवाईचे वादक ऐकले आणि आयुष्याची दिशा ठरली. पुढे ते कंट्री संगीतातले अव्वल स्टीलवादक झाले. हँक विल्यम्स यांच्या 1949 च्या ‘आय एम सो लोन्सम आय कुड क्राय’वर वाजते ती गिटार त्यांचीच. 1950 च्या दशकात कंट्री संगीताचं माहेरघर नॅशव्हिल पायपट्ट्यांच्या पेडल स्टीलकडे वळलं. बर्ड वळले नाहीत. कांडी, कान आणि हात एवढ्यावरच त्यांचा विश्वास होता. 1972 मध्ये ते होनोलुलूला राहायला गेले, हॉटेलांत वाजवू लागले, आणि ज्या बेटांकडून त्यांनी हे घेतलं त्या बेटांच्या मुलांना शिकवू लागले. ॲलन अकाका, ओवाना सालाझार, केसी ओल्सन, ग्रेग सार्डिन्हा ही त्यांच्या शिष्यांची नावं. स्टीलवादकांचा वार्षिक जलसाही त्यांनी सुरू केला. 2005 मध्ये होनोलुलूतच ते गेले. आज वायकिकीत स्टील गिटार ऐकू येते त्याचं मोठं श्रेय या माणसाच्या हट्टाला आहे.

ॲलन अकाका यांनी तो वसा पुढे नेला. हालेकुलानीत त्यांनी वर्षानुवर्षं वाजवलं. ओआहूच्या पूर्व किनाऱ्यावरच्या काइलुआत ‘के कुला मेले’ नावाची शाळा ते चालवतात, आणि त्यांच्या पुढाकाराने बेटांवर स्टील गिटारचे उत्सव भरतात. माउईचा उत्सव 2009 मध्ये सुरू झाला आणि अनेक वर्षं काआनापाली बीच हॉटेलात भरला. वायकिकीचा उत्सव उन्हाळ्यात रॉयल हवाईयन सेंटरच्या हिरवळीवर असतो. काउआई बेटावरही असा मेळावा होतो. इथे एका दिवसात अनेक वादक ओळीने ऐकता येतात आणि हातांतला फरक कळतो. मोठे वादक वाजवून खाली उतरतात आणि शिकाऊ मुलांना आपल्या खुर्चीवर बसवतात. कानेओहे गावच्या विंडवर्ड मॉलमध्येही असा जलसा झालेला आहे. खरेदीच्या पिशव्या हातात घेऊन उभे राहिलेले स्थानिक आजी-आजोबा तिथे गाण्यांचे शब्द पुटपुटताना दिसतात. पर्यटक अगदी थोडे. सुट्टीच्या तारखा ठरवायची मुभा असेल तर त्या या उत्सवांशी जुळवाव्यात.

तसं जमलं नाही तरी आठवडाभराच्या मुक्कामात एक-दोन संध्याकाळी सहज साधतात. आउटरिगर रीफ हॉटेलातल्या ‘कानी का पिला ग्रिल’मध्ये हवाईयन संगीत असतं आणि काही संध्याकाळी त्यात स्टीलही असते. कुहिओ किनाऱ्यावर ड्यूक काहानामोकूंच्या पुतळ्याजवळ मशाली पेटवून, शंख फुंकून हुलाचा विनामूल्य कार्यक्रम होतो. तिथे चटई पसरून बसायचं. हॉटेलांत आधी फोन करून नेमकं विचारायला हवं: ‘आज स्टील गिटार आहे का?’ नुसतं ‘हवाईयन संगीत आहे का’ विचारलं तर उत्तर नेहमी होच येतं, आणि गेल्यावर दोन साध्या गिटारी आणि उकुलेले समोर येतात. जेफ आऊ हॉय किंवा बॉबी इंगानो यांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत दिसलं तर बाकीचे बेत पुढे ढकलावेत. इंगानोंच्या वादनात फीट रॉजर्स यांचं जुनं, सावकाश, प्रत्येक स्वराला जागा देणारं वळण ऐकू येतं. आऊ हॉय साथीला बसले की गायकाला झाकत नाहीत, उचलून धरतात.

एक दिवस गाडी घेऊन लाइएलाही जावं. वायकिकीहून तास-सव्वा तासाचा रस्ता, एका बाजूला डोंगर आणि दुसरीकडे समुद्र. तिथलं पॉलिनेशियन कल्चरल सेंटर 1963 पासून आहे आणि पर्यटक मोठ्या संख्येने जातातच. पण आत शिरण्यापूर्वी बाहेरच्या बाजारपेठेत थांबावं. 2015 मध्ये इथे जोसेफ केकुकू यांचा पुतळा उभारला गेला. ताऊ मोए मात्र जगभर फिरून अखेर याच गावात परतले आणि 2004 मध्ये वारले. तत्पूर्वी 1989 मध्ये बॉब ब्रॉझमन या अमेरिकी गिटारवादकाबरोबर त्यांच्या कुटुंबाची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात त्यांनी तरुणपणी ध्वनिमुद्रित केलेली गाणी पुन्हा गायली आहेत. परतीच्या प्रवासात गाडीत लावण्यासाठी याहून चांगली ध्वनिमुद्रिका नाही.

कार्यक्रमाच्या मध्यंतरात वादकाशी बोलायला संकोच करू नये. ही मंडळी मोकळी असतात आणि कांडी हातात धरून बघू देतात. ती किती जड आहे हे तेव्हाच कळतं. मंचाजवळ बक्षिसीचं भांडं असेल तर त्यात यथाशक्ती टाकावं. वादकांच्या कमाईत त्याचा वाटा असतो. आणि फर्माईश करायची झाली तर ‘अलोहा ओए’ची नको. राणी लिलिउओकलानींचं ते गाणं सुंदर आहे, पण ते सगळेच मागतात. ‘हिलो मार्च’ मागावं, म्हणजे कांडीचा वेग कळेल, किंवा एम. के. मोके यांचं ‘मोआना चाइम्स’, म्हणजे घंटेसारखे ते स्वर एकामागून एक ऐकायला मिळतील. ही दोन नावं घेतली की वादक खुर्ची सरसावतो आणि साथीदारांना पट्टी सांगतो.